नावाची ठेव

अंगणात लहान मूल खेळत असते. वाटेने जाणारा एखादा म्हातारा थांबतो, त्याला न्याहाळतो आणि विचारतो, "कुणाचा रे तू?" मुलाचे स्वतःचे नाव काय, याची त्याला फारशी उत्सुकता नसते. ते बंड्या असो की बाळू, त्यावरून म्हाताऱ्याला काहीच कळायचे नसते. हा कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, एवढे कळले की त्याला सारे कळते. मग तो मान डोलावतो, "हां, म्हणजे अमक्याचा नातू काय!" असे म्हणतो आणि पुढे चालू लागतो. आपल्या खेड्यांतून हा प्रश्न आजही ऐकू येतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे जुनी गेलिक भाषा अद्याप घरात बोलली जाते, तेथेही लहान मुलाला असेच विचारण्याची रीत आहे: "तू कोणाचा?"

या प्रश्नाचे जे उत्तर, तेच गेलिक लोकांचे आडनाव. गेलिक म्हणजे आयर्लंडची आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची व बेटांची जुनी भाषा. 'मॅक' म्हणजे पुत्र. 'ओ' म्हणजे नातू, आणि पुढे अर्थ सैल होऊन वंशज. इंग्रजीत या 'ओ'नंतर जो स्वल्पविराम वर टांगलेला दिसतो, त्यामुळे पुष्कळांना ते इंग्रजी 'ऑफ'चे लघुरूप वाटते. तसे ते नाही. मुळात ती दीर्घ स्वराची खूण. इंग्रजी लेखनिकांच्या हाती पडून ती अशी लटकली.

ही नावे आपल्याला परकी वाटतात खरी, पण त्यांतली कितीतरी आपल्या घरात येऊन बसलेली आहेत. बाळाच्या अंथरुणाखाली घालतात ते रबरी कापड आपण मॅकिंटॉश म्हणून आणतो. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले, त्याचे हे नाव. गेलिकमध्ये त्याचा अर्थ 'नायकाचा पुत्र' असा आहे. आणि त्या नायकपुत्राच्या वाट्याला आपल्याकडे काय आले, ते घराघरांतल्या आयांना ठाऊक आहे! एके काळी दिवाणखान्यात मानाने बसलेला मर्फी रेडिओ आठवा. मर्फी हे आयर्लंडमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव, आणि ज्या पूर्वजाच्या नावावरून ते पडले त्याच्या नावाचा अर्थ 'सागरी योद्धा'. खडी दाबून केलेल्या रस्त्याला आपले कंत्राटदार मेकॅडम म्हणतात, ते जॉन लाउडन मॅकॲडम या स्कॉटिश माणसामुळे. मॅकॲडम म्हणजे आदमचा मुलगा. सारी मानवजातच आदमची लेकरे, असे बायबल सांगते. तेव्हा हे आडनाव सांगणाऱ्याने तसे पाहिले तर काहीच सांगितलेले नसते. त्याने असे मोघम नाव का घेतले असावे, ते पुढे येईल.

महाबळेश्वरला गेलेल्यांना माल्कमपेठ ठाऊक असेल. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे थंड हवेचे ठाणे वसवले. माल्कम या नावाचा मूळ अर्थ 'कोलमचा मुंडन केलेला दास'. संत कोलम ऊर्फ कोलंबा यांनी ५६३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयोना बेटावर मठ स्थापला. त्यांच्या नावाचा अर्थ पारवा. हिंदुस्थानी भाषेचा अभ्यासक जॉन गिलख्रिस्त याचे आडनावही याच धर्तीचे. अर्थ ख्रिस्ताचा सेवक. आपले रामदास आणि शिवदास यांना ही मंडळी काही फार लांबची वाटणार नाहीत.

युरोपात पिढीजात आडनावे फार लवकर रूढ झाली, त्यांत आयर्लंडचा क्रम अगदी वरचा आहे. जुन्या आयरिश बखरींत ९१६ साली वारलेल्या एका सरदाराचा उल्लेख ओ क्लेरी या आडनावाने आलेला आहे, आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या आडनावांत त्याची गणना करतात. क्लेरी म्हणजे कारकून किंवा धर्माधिकारी, लिहिणारा-वाचणारा माणूस. त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १०१४ साली, ब्रायन बोरू हा राजा डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला. त्याचा नातू टर्लो राजा झाला आणि १०८६ मध्ये वारला. या नातवाने स्वतःला ओ ब्रायन म्हणवले, म्हणजे 'ब्रायनचा नातू'; आणि ते अक्षरशः खरे होते.

पण त्याच्या मुलाचे काय? तो ब्रायनचा पणतू. त्याने आपल्या बापाचे नाव लावायला हवे होते. पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत आले होते. दर पिढीला 'मॅक'पुढचे नाव बदलत असे. या मुलाने मात्र ते बदलले नाही. तोही ओ ब्रायनच राहिला, त्याचा मुलगाही, आणि आज शिकागोत टॅक्सी चालवणारा एखादा ओब्रायनही हजार वर्षांपूर्वीच्या त्याच राजाचा 'नातू' आहे. वाहते पाणी एका जागी गोठावे, तसे हे झाले. काळाच्या हिशेबाने पाहिले तर आज प्रत्येक ओब्रायन आपल्या आडनावातच एक असत्य सांगत असतो. पण ते ऐकून कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. मला वाटते, आडनावाचा विचार येथूनच सुरू करावा. आडनाव रक्ताबरोबर आपोआप उतरत नाही. कोणीतरी, कधीतरी, हेच नाव पुढे चालवायचे असे ठरवलेले असते.

आणि चालवायचे ठरवले ते काय? सगळेच काही राजांचे नातू नव्हते. कॅम्पबेल हे स्कॉटलंडमधले बलाढ्य घराणे. त्याच्या नावाचा अर्थ 'वाकडे तोंड'. कॅमेरॉन म्हणजे 'वाकडे नाक'. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचे पणजोबा १८४०च्या दशकात आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातून बोटीने अमेरिकेस गेले. त्यांच्या आडनावातल्या मूळ पुरुषाच्या नावाचा अर्थ कोणी 'शिरस्त्राण घातलेला' असा लावतात, तर कोणी 'कुरूप डोक्याचा' असा लावतात. आपल्याकडील एकबोटे आणि दहातोंडे यांना हे ऐकून बरे वाटावे. कोणा एकाला कोणीतरी हिणवले असेल; त्याच्या मुलानातवंडांनी ते हिणवणे उचलून कपाळी लावले, आणि पाच-सहा पिढ्यांत त्याचे निशाण झाले. लोहाराचे मूल मॅकगोवन, सुताराचे मॅकिन्टायर, भाटाचे मॅकवॉर्ड, आणि धर्मगुरूचे मॅकटॅगर्ट. धर्मगुरूला मूल कसे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. पण गेलिक लोकांनी ते लपवले नाही, सरळ आडनावात घातले.

मला याहूनही मौजेची वाटतात ती परक्यांची आडनावे. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याचे घराणे आयरिश. पण डॉइल म्हणजे 'काळ्या परक्याचा वंशज'. उत्तरेकडून गलबते घेऊन लुटीला येणाऱ्या व्हायकिंगांना आयरिश लोक परके म्हणत, त्यांतल्या डेन लोकांना काळे परके. गॅलाघर या आडनावात 'परक्याची मदत' दडलेली आहे. वॉल्श म्हणजे वेल्सहून आलेला. आणि आपल्याला चांगलाच परिचित असलेला मेकॉले! त्याचे पूर्वज हेब्रिडीज बेटांतले. मेकॉले म्हणजे ओलाफचा पुत्र, आणि ओलाफ हे अस्सल व्हायकिंग नाव. ज्या मेकॉलेने १८३५ साली हिंदुस्थानाला इंग्रजी विद्येची दीक्षा देण्याचा आग्रह धरला, त्याच्या आडनावातले 'मॅक' गेलिक, उरलेले नॉर्वेकडचे, आणि त्यात इंग्रजी असे काहीच नाही.

मठ लुटणारे, गावे जाळणारे लोक दोन-चार पिढ्यांत तेथेच रुळले, त्यांच्या मुली या घरात आल्या, या घरच्या त्या घरात गेल्या, आणि 'परका' हेच एका अस्सल आयरिश घराण्याचे नाव झाले. स्कॉटलंडमध्ये तर याहून सोपा मार्ग होता. ज्या नायकाच्या जमिनीवर राहायचे, ज्याच्या आश्रयाने जगायचे, त्याचे आडनाव कुळांनी खुशाल घ्यावे. म्हणून एका नावाचे हजारो लोक रक्ताने एक असतीलच असे नाही, पुष्कळदा नसतातच.

तेव्हा आडनावाचा अभिमान कशाचा बाळगायचा? रक्ताच्या शुद्धतेचा म्हणावा, तर नावातच परका बसलेला. पराक्रमाचा म्हणावा, तर तो आपण केलेला नाही. अर्थाचा म्हणावा, तर अर्थ 'वाकडतोंड्या'! ज्याने काही मिळवले तो हजार वर्षांपूर्वी मातीस मिळाला. आपण फक्त त्या नावाच्या घरात जन्मलो. जी गोष्ट आपण निवडली नाही, कमावली नाही, तिचा गर्व करणे म्हणजे पावसाळ्यात भरलेल्या विहिरीचे श्रेय आपल्याकडे घेण्यासारखे आहे. दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली, आणि 'आमचे घराणे' असा विषय निघाला, म्हणजे मला हे डॉइल आणि कॅम्पबेल हटकून आठवतात.

येथवर विचार सरळ चालतो. पण येथून पुढे एक सोपे टोक गाठण्याचा मोह होतो. नाव जर असे योगायोगाने मिळालेले, तर त्यात आहे काय? नाव म्हणजे पाटी. एक काढली, दुसरी लावली. माणसाला काय होते? हा प्रश्न एका राजाने खरोखरच करून पाहिला.

स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर नावाचे घराणे होते. जमिनी गेल्या, आश्रय तुटला, आणि गुरे पळवणे, दरोडे घालणे यावर त्यांची गुजराण चालू झाली. १६०३ सालच्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रूइनच्या खोऱ्यात त्यांची कोल्कून घराण्याशी गाठ पडली आणि मोठी कत्तल झाली. मॅकग्रेगर काही साधुसंत नव्हते. त्यांच्या नायकाला पुढच्या वर्षी एडिंबरोत फाशी दिले. त्याबद्दलही त्या काळच्या न्यायाने फारसे बोलता येणार नाही. पण राजा जेम्सला तेवढ्याने समाधान वाटले नाही. ३ एप्रिल १६०३ रोजी त्याच्या मंत्रिमंडळाने ते नावच रद्द केले. मॅकग्रेगर हे आडनाव जो टाकणार नाही त्याला देहान्ताची शिक्षा. पुढे १६३३च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली: कोणत्याही धर्मगुरूने मुलाचा बाप्तिस्मा ग्रेगर या नावाने करू नये, आणि कोणत्याही लेखनिकाने त्या नावाचा दस्तऐवज लिहू नये. म्हणजे जे मूल अजून पाळण्यातही आले नव्हते, त्यालाही ग्लेन फ्रूइनची शिक्षा झाली.

अपराध हातांनी केला होता, आणि शिक्षा नावाला दिली गेली. हात मोजके होते. नाव हजारोंचे होते. आपल्याला ही रीत अगदी अपरिचित आहे असे नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. त्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींच्या नावांपुढे जन्मतःच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का मात्र गावोगावच्या मनातून पुरता पुसला गेलेला नाही. चोरी झाली की आधी कोणाच्या पालाकडे बोट जाते, ते आपण जाणतो. मॅकग्रेगरांचे नाव काढून घेतले आणि पारध्यांचे नाव त्यांच्या अंगावर फेकले. दोन्हीकडे अन्यायाचे सूत्र एकच.

मॅकग्रेगरांनी मग काय केले? कोणी मरे झाला, कोणी ग्रँट, कोणी ड्रमंड. वॉल्टर स्कॉटच्या १८१७ च्या कादंबरीमुळे जगाला ठाऊक झालेला रॉब रॉय मॅकग्रेगर आईच्या माहेरचे कॅम्पबेल हे आडनाव लावून वावरला. आणि मघाशी ज्याचा उल्लेख केला त्या रस्तेवाल्या मॅकॲडमच्या घराण्यातही अशी परंपरा सांगत की आपण मूळचे मॅकग्रेगर. तसे असेल तर त्यांनी नाव मोठे विचारपूर्वक निवडले म्हणायचे. राजाला हरकत घेता येऊ नये म्हणून ते थेट आदमच्या घरी जाऊन लपले!

आयर्लंडमध्ये जुलमाची तऱ्हा निराळी होती. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्यांनी तेथल्या इंग्रज वसाहतवाल्यांना बजावले की तुम्ही इंग्रजीच बोला आणि इंग्रजीच नावे धारण करा. कारण ते भराभर आयरिश होऊ लागले होते. १४६५ मध्ये डब्लिनच्या आसपासच्या परगण्यांतील आयरिश लोकांना हुकूम झाला की प्रत्येकाने एक इंग्रजी आडनाव घ्यावे: एखाद्या गावाचे, एखाद्या रंगाचे, एखाद्या धंद्याचे किंवा एखाद्या हुद्द्याचे. पांढरा, काळा, तपकिरी, लोहार, सुतार, आचारी, बटलर. न घेईल त्याची मालमत्ता दर वर्षी जप्त. दुकानात कापड निवडावे तशी ही नावांची यादी वाचताना हसू येते, आणि लगेच ते ओठांवरच थांबते.

पण खरे सांगायचे तर कायद्याने जेवढी नावे मेली, त्याहून किती तरी अधिक नावे कायद्यावाचून मेली. कोणी सक्ती करीत नव्हते. कचेरीत साहेबाला नाव उच्चारता येत नसे. 'ओ' लावले की माणूस गावंढळ ठरे, 'मॅक' लावले की नोकरी मिळायला अडचण पडे. मग आपणच ते गाळायचे. कॅव्हन परगण्यातले मॅकगोवन स्मिथ झाले. भाषांतर तरी धड व्हावे, तर तेही नाही. 'सुताराचा मुलगा' यातला जो शब्द, त्याचा दुसरा अर्थ 'मुक्त' असाही होतो; म्हणून काही मॅकिन्टायर सुतार न होता 'फ्रीमन' होऊन बसले. गुलाम झालेल्या भाषेतून निघताना सुताराचे नाव 'मुक्त मनुष्य' व्हावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. १८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्याचा दुष्काळ पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, दहा लाखांहून जास्त देशांतराला गेली, आणि गेलिक बोलणारी गावेच्या गावे ओस पडली. नावाचा अर्थ सांगणारा म्हातारा गेला. मुलाजवळ नुसता आवाज उरला.

१८९२ साली डग्लस हाइड यांनी डब्लिनमध्ये एक गाजलेले व्याख्यान दिले आणि त्यात या नावबदलाबद्दल आपल्या लोकांची चांगली कानउघाडणी केली. पुढच्या वर्षी गेलिक लीग निघाली, आणि १९३८ मध्ये हेच हाइड आयर्लंडचे पहिले अध्यक्ष झाले. गळालेले 'ओ' आणि 'मॅक' लोक पुन्हा लावू लागले. आयरिश आडनावांवर ज्यांचे ग्रंथ प्रमाण मानतात, ते एडवर्ड मॅकलायसॅट स्वतः जन्मतः नुसते लायसॅट होते. 'मॅक' त्यांनी १९२० मध्ये परत घेतला.

आता या सर्व गाळणे-लावण्यात एका वर्गाला कोणी विचारलेच नव्हते, तो स्त्रियांचा. 'मॅक' म्हणजे पुत्र, 'ओ' म्हणजे नातू. मग मुलगी? ती पुत्र कशी असेल? गेलिक व्याकरण काटेकोर आहे. मुलीच्या नावात 'ओ'चे 'नी' होते आणि 'मॅक'चे 'निक' होते. अर्थ 'अमक्याच्या वंशजाची कन्या'. एन्या ही प्रसिद्ध आयरिश गायिका. गेलिकमध्ये तिच्या भावांच्या आडनावाआधी 'ओ' येते आणि तिच्या आडनावाआधी 'नी'. लग्न झाले की आयर्लंडमध्ये हे रूपही बदलते. मग अर्थ होतो 'अमक्याच्या वंशजाची बायको'. म्हणजे पुरुषाचे आडनाव त्याला जन्मभर पुरते; बाईच्या आडनावाचे व्याकरण मांडवात बदलते. इंग्रजांनी नावे हिरावली म्हणून जे रास्तपणे रडले, त्यांच्याही घरात ही वजाबाकी निमूटपणे चालू होती. आज तेथल्या पुष्कळ स्त्रिया लग्नानंतरही 'नी' कायम ठेवतात.

आपण या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवू नये. आपल्याकडे आडनावच नव्हे, तर नावही बदलीत. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे, की जुने नाव संपले. माझ्या आजीचे माहेरचे नाव आम्हां नातवंडांना ठाऊक नव्हते; ते तिला असेल, हेही कधी मनात आले नव्हते. एकदा तिच्या माहेरचा कोणी म्हातारा नातलग आला. ओटीवर उभा राहून त्याने एका नावाने हाक मारली. त्या नावाचे आमच्या घरात कोणीच नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात आतून 'ओ' आली, आणि पिठाच्या हातांनी आजी लगबगीने बाहेर आली. पन्नासएक वर्षे ते नाव कोणी उच्चारले नव्हते, पण ओ द्यायला तिला क्षणाचाही वेळ लागला नाही.

तेव्हा नाव म्हणजे पाटी, हे काही खरे नव्हे. पण मग नावाचा अभिमान पोकळ, असे जे वर म्हटले त्याचे काय? या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात असे प्रथमदर्शनी वाटते. ज्याचा गर्व करण्याचा मला अधिकार नाही, ते कोणी नेले तर तक्रार करण्याचा अधिकार मला कोठून आला?

मला वाटते, आपण नावाला मिळकत समजतो म्हणून हा घोळ होतो. नाव ही मिळकत नाही. ती ठेव आहे. शेजाऱ्याने परगावी जाताना आपला डबा आपल्याकडे ठेवला, तर त्यातल्या दागिन्यांवर आपण श्रीमंती मिरवीत नाही. पण म्हणून कोणी येऊन तो डबा उचलू लागला तर 'माझे काय जाते' असेही म्हणत नाही. उलट स्वतःच्या वस्तूपेक्षा त्याला जास्त जपतो. ठेवीबद्दल गर्व नसतो, जबाबदारी असते. मॅकग्रेगराला आपल्या नावाची फुशारकी मारण्याचे कारण नव्हते. पण ते हिसकावण्याचा अधिकार राजालाही नव्हता, कारण ते हयात असलेल्या मॅकग्रेगरांपुरते नव्हतेच. ते गेलेल्यांनी दिलेले होते आणि येणाऱ्यांना द्यायचे होते.

ठेवीला आणखी एक नियम आहे. ती ज्याच्याकडे असते, त्याने ती परत करायची की पुढे द्यायची, हे समजून-उमजून ठरवावे लागते. कोणी स्वखुशीने आडनाव बदलले, जातीचा वास येतो म्हणून टाकले, आईचे नाव लावले, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. ज्याच्या हाती ठेव, त्याचा तो निर्णय. मुलीच्या हातून ती न विचारता काढून घेणे आणि कचेरीच्या भीतीने 'ओ' गळणे, यांत मात्र निर्णय तिचाही नसतो आणि त्याचाही नसतो. नाव बदलले की नाही हा प्रश्नच नव्हे. कोणी बदलले, हा प्रश्न आहे.

आणि ठेव केवळ बाळगणाऱ्याने सांभाळून भागत नाही; शेजाऱ्यांनीही तिचा मान ठेवावा लागतो. याचे एक उदाहरण आपल्याच कोकणाने आयर्लंडला दिले. सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात वराड नावाचे लहानसे गाव आहे. तेथले एक कुटुंब मुंबईत आले. त्यातले एक डॉक्टर पुढे परदेशी गेले, आयरिश परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, आणि १९७९ साली डब्लिनमध्ये त्यांना मुलगा झाला. तो लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०२० पर्यंत आणि नंतर २०२२ ते २०२४ असा दोनदा त्याने तो कारभार पाहिला. आयर्लंडमध्ये पंतप्रधानाला 'टीशख' म्हणतात. टीशख म्हणजे नायक. मॅकिंटॉशमधला नायक तो हाच शब्द. गेलिक आडनाव विचारते, 'तू कोणाचा?' कोकणातले आडनाव विचारते, 'तू कुठचा?' नायकाच्या त्या जुन्या खुर्चीवर ओ नाही, मॅक नाही, असा एक 'कर' येऊन बसला, आणि त्याला त्यासाठी कोणत्याही यादीतून रंगाचे किंवा धंद्याचे नाव निवडावे लागले नाही. जिभेला वळण लावून आयरिश लोक वराडकर म्हणायला शिकले. ज्यांच्या आज्यापणज्यांचे नाव कोणी उच्चारू शकले नव्हते, त्यांनी हे शिकावे, यात मला त्या लोकांचा मोठेपणा दिसतो. २०१९ च्या डिसेंबरात तो आपल्या आईवडिलांसह वराडला येऊन गेला. आडनावातले गाव त्याने डोळ्यांनी पाहिले.

मॅकग्रेगरांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सने ती बंदी उठवली, १६९३ साली ती पुन्हा लादली गेली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. पहिल्या हुकमाला तोवर १७१ वर्षे झाली होती. मरे, ग्रँट, ड्रमंड म्हणून जन्मलेल्या, त्याच नावांनी लग्ने केलेल्या, त्याच नावांच्या दगडांखाली पुरलेल्या पिढ्या मध्ये होऊन गेल्या होत्या. आता ते नाव घेतले नसते तरी कोणाचे काही अडत नव्हते. जमिनी परत मिळायच्या नव्हत्या, पदव्या तर नव्हत्याच. तरीही आठशेहून अधिक माणसांनी आपण मॅकग्रेगर आहोत असे लिहून सह्या केल्या आणि आपला नायक निवडला. तो नायकही कागदोपत्री मरेच होता. त्याच्या घराण्याने १८२२ मध्ये ते नाव उघडपणे परत घेतले. ही ठेव त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली असेल? चुलीपाशी बसून, दार लावून, मुलांच्या कानात कुजबुजलेल्या कोणा आजीआजोबांनीच ना! दीडशे वर्षे ज्या नावाने उघड हाक मारायची चोरी होती, त्याला आठशे जणांनी एकदम ओ दिली.